पेशंटलाच फोन द्या

‘हे रेकॉर्डिंग आहे की खरं माणूस बोलतंय? गो अहेड.’

लॅपटॉपच्या स्क्रीनवर अक्षरं एकेक करत उमटली आणि थांबली. मकरंद घैसासने मोबाइल तोंडासमोर धरला. कानाला लावण्याचं त्याला काही कारण नव्हतं.

‘खरा माणूस आहे,’ तो इंग्रजीत म्हणाला. ‘मी मकरंद घैसास, तुमचा पेशंट. मला ऐकू येत नाही. माझ्या उजव्या डोळ्यात सकाळपासून विजा चमकतायत, काळे ठिपके तरंगतायत. असं झालं तर त्याच दिवशी फोन करा, असं तुमच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं. गो अहेड.’

मग अक्षरं आली.

‘हॅलो? हॅलो? (मागे कोणाला तरी:) परत तेच गं. इंडियातले कॉल सेंटरवाले. (मागे हसण्याचा आवाज.) (फोन ठेवला.)’

रिले सेवेतली माणसं सगळं लिहायची. हसणं, उसासा, मागे भुंकणारं कुत्रंसुद्धा. कान असलेल्या माणसाला जे ऐकू आलं असतं ते सगळं बहिऱ्यालाही कळलं पाहिजे, असा त्यांचा नियमच होता. मकरंद बोलायचा ते समोरच्याला थेट ऐकू जायचं. समोरचा बोलायचा ते मध्ये बसलेली ऑपरेटर ऐकायची आणि टाइप करायची. आपलं बोलणं संपलं की दोघांनीही ‘गो अहेड’ म्हणायचं. ऑपरेटरने स्वतःचा एक शब्दही घालायचा नाही. आजवर मकरंदने रिलेवरून दोनच फोन केले होते. एक लायब्ररीला आणि एक टायरवाल्याला. दोन्ही नीट झाले होते.

२०१३च्या फेब्रुवारीतला तो गुरुवार. ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागात किचनची कपाटं बनवणारा एक कारखाना होता. मकरंद तिथे मोठ्या फळ्या मापात कापायच्या मशीनवर होता. पुण्याहून शिकायला म्हणून तो आला त्याला नऊ वर्षं झाली होती. डिप्लोमा झाला, नोकरी लागली, रेसिडन्सी मिळाली, लग्न झालं. आणि तीन वर्षांपूर्वी मेंदूज्वराने अकरा दिवस हॉस्पिटलात काढून तो घरी आला, तेव्हा दोन्ही कान गेले होते. कमी ऐकू येत होतं असं नाही. काहीच येत नव्हतं.

कारखान्यात त्याचं फारसं अडलं नाही. तिथे सगळेच दिवसभर कानांवर मफ चढवून हातवाऱ्यांनी बोलायचे. घरी विनिता होती. त्याच्या बायकोने पहिल्या महिन्यातच त्याच्यासमोर बसून, एकेक शब्द दहादहा वेळा म्हणून त्याला ओठ वाचायला शिकवलं होतं. बँक, वीज, डॉक्टर, सगळे फोन तीच करायची. पण आता ती साताऱ्याला होती. तिच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि यायला अजून पंधरा दिवस होते.

मकरंदचा डावा डोळा लहानपणापासून अधू. वाचायचं, माप बघायचं, ओठ ओळखायचे ते उजव्यानेच. गेल्या महिन्यात तपासणीत त्याच उजव्या डोळ्याच्या पडद्याला एक पातळ जागा सापडली होती. ‘घाबरू नका,’ डॉक्टर म्हणाले होते. ‘पण विजा चमकल्या, ठिपके दिसले किंवा सावली आली, तर त्याच दिवशी आम्हाला रिंग करा. पडदा सुटायला लागला की तासांचा हिशेब असतो.’ त्यांनी कार्ड दिलं होतं. कार्डावर एक फोन नंबर होता, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की अपॉइंटमेंटशिवाय येऊ नये.

त्याने पुन्हा नंबर लावायला सांगितला. या वेळी बाईने रिलेची ओळख शेवटपर्यंत ऐकून घेतली.

‘ओके. पण तुम्ही कोण? गो अहेड,’ स्क्रीन म्हणाला.

‘मी पेशंट.’

‘ते कळलं. ही मधली बाई कोण?’

‘ती ऑपरेटर आहे. तुम्ही बोलता ते ती मला लिहून दाखवते.’

‘म्हणजे ती सगळं ऐकतेय. सॉरी, प्रायव्हसीचा प्रश्न आहे. तिऱ्हाइतासमोर मला पेशंटची माहिती बोलता येत नाही. पेशंटलाच फोन द्या.’

‘पेशंटच बोलतोय.’

‘मग तिला लाइनवरून काढा ना. तुम्हाला छान बोलता येतंय की.’

‘ती गेली तर मला तुमचं ऐकू येणार नाही.’

‘मला तुमचं अगदी व्यवस्थित ऐकू येतंय, सर.’

मकरंदने डोळे मिटले. मिटल्यावरही उजव्या कडेला वीज चमकली, बारीक, चंद्रकोरीसारखी. त्याने उघडले.

‘मला फक्त आज डॉक्टरांना दाखवायचंय,’ तो म्हणाला. ‘माहिती मी सांगतो, तुम्ही काही सांगू नका. एवढं लिहून घ्या. विजा. काळे ठिपके. सकाळी सातपासून.’

‘नर्स तुम्हाला रिंग करेल.’

‘रिलेच्या नंबरवर करायला सांगा. मी देतो.’

‘हा नंबर आमच्या सिस्टिममध्ये नाही. सिस्टिममध्ये घरचा आहे, त्याच्यावरच करावा लागतो.’

‘घरचा नको. घरी कोणी... मला तो ऐकू येत नाही. प्लीज. हा नंबर लिहून घ्या.’

‘नोट करते. हॅव अ गुड डे. (फोन ठेवला.)’

ऑपरेटरने सवयीप्रमाणे शेवटी एक ओळ टाकली, ‘आणखी कुठे फोन लावायचाय का?’ तिला वेगळं काही लिहायची परवानगीच नव्हती.

मकरंद मागे वळला तर दारात ब्रेंट उभा. हा फोरमन. त्याच्या दाढीमुळे ओठ वाचायला त्रास व्हायचा, म्हणून मकरंदशी बोलताना तो हाताने मिशा वर धरायचा.

‘काही प्रॉब्लेम, मेट? मी करू का फोन?’

मकरंदला लॅपटॉप त्याच्याकडे सरकवता आला असता. पण तीन वर्षं दुसऱ्यांनीच त्याच्या वतीने बोलायचं आणि आपण शेजारी उभं राहून त्यांची तोंडं बघायची, हे त्याला नकोसं झालं होतं. रिलेचं ट्रेनिंग घेऊन आला त्या दिवशी तो विनिताला म्हणाला होता, ‘आता मी मोठा झालो.’

‘झालं काम,’ तो ब्रेंटला म्हणाला. ‘त्या करणार आहेत फोन. स्वीट ॲज.’ म्हणजे सगळं झकास, हे तो इथेच शिकला होता.

पुढे बऱ्याच दिवसांनीही त्याला ही वाक्यं आठवायची.

दिवसभर मोबाइल खिशात थरथरला नाही. चार वाजता साताऱ्यात सकाळचे साडेआठ होते. त्याने विनिताला व्हॉट्सॲपवर सगळं लिहिलं. तिने उलट लिहिलं, ‘थांब. मी लावते.’ वीस मिनिटांनी तिचा निरोप आला.

‘मला म्हणाली, तुम्ही पेशंट नाही, तुमच्याशी बोलता येणार नाही. मी म्हटलं अगं बाई, ही अपॉइंटमेंट मीच घेतली होती. तर म्हणे तेव्हा पेशंट तुमच्या शेजारी होता. मी भांडले. शेवटी म्हणाली, नर्स आजच फोन करेल. रिलेचा नंबर तीनदा सांगितलाय. ठिपके वाढले का?’

‘तेवढेच आहेत,’ त्याने लिहिलं. वाढले होते.

घरी पोचला तेव्हा सव्वापाच वाजत आले होते. त्याचे वडील, पुरुषोत्तम घैसास, ओट्याशी उभे राहून दुधी किसत होते. मिरजेच्या रेल्वे पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेला, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. सहा महिन्यांसाठी आले होते. विनिता गेल्यापासून घरात बोलणं जवळजवळ थांबलं होतं. वडिलांचे दात बसवलेले, बोलणं तोंडातल्या तोंडात. मकरंदला त्यांचं अर्धंच कळायचं. मग ते वर्तमानपत्राच्या कडेला लिहून दाखवायचे, आणि अक्षर असं की पार्सलच्या पावतीवरचंच बरं.

‘बाबा, फोन आला होता का?’ मकरंदने विचारलं.

वडिलांनी किसणी खाली ठेवली, त्याच्याकडे तोंड केलं आणि सावकाश म्हणाले, ‘नाही रे. ते सर्व्हेवाले तेवढे. नेहमीचेच.’

त्याने मान हलवली आणि मोबाइल चार्जिंगला लावला.

शुक्रवारी सकाळी दात घासताना त्याला आरशात स्वतःची हनुवटी दिसेना. त्याने मान खाली-वर करून पाहिलं. उजव्या डोळ्यासमोर खालून काहीतरी करडं वर चढलं होतं, टाकीत पाणी चढावं तसं. डावा डोळा मिटला तर आरशात नुसतं कपाळ, डोळे आणि नाकाचा शेंडा.

क्लिनिक साडेआठला उघडायचं. आठ एकोणतीसला त्याने रिलेला जोडून घेतलं. स्क्रीनवरची अक्षरं त्याने अंगठ्याएवढी मोठी केली होती.

‘हो, मिस्टर घैसास. तुमची नोट दिसतेय,’ तीच बाई होती. ‘तुम्हाला एकोणीस तारखेची अपॉइंटमेंट दिली आहे. पत्र येईल. गो अहेड.’

‘एकोणीस? आज आठ आहे. माझ्या डोळ्यासमोर सावली आलीय. अर्धा डोळा गेलाय.’

‘नर्सने काल चार पन्नासला तुमच्या घरी फोन केला होता. फादरशी बोलणं झालं. तिने विचारलं, त्यांचा डोळा कसा आहे. ते फाइन म्हणाले. तिने विचारलं, म्हणजे आता बरं आहे? ते फाइन, फाइन, थँक्यू म्हणाले. त्यामुळे रूटीनमध्ये टाकलंय.’

मकरंदने ती ओळ दोनदा वाचली. वडील समोरच टेबलाशी चहा पीत बसले होते.

‘बाबा, काल सर्व्हेवाले म्हणालात... ती बाई होती का?’

‘हो, बाईच होती,’ वडील म्हणाले. ‘मिस्टर गायसास, मिस्टर गायसास करत होती. तू सांगितलंयस तसंच केलं. फाइन थँक्यू म्हटलं आणि ठेवला.’

त्यानेच सांगितलं होतं. आल्या आल्या, पहिल्याच आठवड्यात. इथे दिवसभर काहीबाही विकणारे फोन येतात. इंग्रजीत कोणी काहीही बोललं तरी ‘फाइन, थँक्यू’ म्हणायचं आणि ठेवून द्यायचं.

स्क्रीनवर अक्षरं येऊन थांबली होती. ‘हॅलो? तुम्ही आहात का? गो अहेड.’

‘माझ्या वडिलांना इंग्रजी येत नाही,’ मकरंद म्हणाला. ‘माझ्या बायकोला इंग्रजी येतं, तिच्याशी तुम्ही बोलला नाहीत. ही ऑपरेटर अक्षरन् अक्षर लिहिते, तिच्यासमोर तुम्ही बोलत नाही. आणि माझा डोळा कसा आहे ते माझ्या वडिलांना विचारता? मी तुम्हाला सांगतोय ना! मी सांगतोय! सावली आलीय, अर्ध्यापर्यंत आलीय!’

‘सर, माझ्यावर ओरडू नका.’

‘मी ओरडत नाहीये.’

‘तुम्ही ओरडताय. आमच्या स्टाफशी असं बोललेलं चालत नाही. तुम्ही शांत झालात की परत रिंग करा. (फोन ठेवला.)’

त्याने वर पाहिलं. वडील उठून उभे राहिले होते आणि चहा टेबलावर सांडला होता. आपण किती मोठ्याने बोललो असू ते मकरंदला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. स्वतःचा आवाज त्याला तीन वर्षांत ऐकू आला नव्हता. ऑफिसात, दुकानात तो गळ्यावर दोन बोटं ठेवून तो दाबून ठेवायचा. आज बोटं ठेवायची राहून गेली होती.

‘चला,’ तो चपला शोधत म्हणाला. ‘मी जाऊन येतो.’

वडिलांनी काही न विचारता दाराजवळचा कोट घेतला. फेब्रुवारीतल्या उन्हात तो लोकरी कोट घालून ते त्याच्याबरोबर बस-स्टॉपपर्यंत आले, आणि बस आल्यावर त्याचा दंड धरून आत चढले. गाडी चालवायचा प्रश्नच नव्हता. दोन बस बदलाव्या लागल्या. दोन वर्षांपूर्वीच्या मोठ्या भूकंपानंतर क्लिनिक शहरातून हलून एका उपनगरात गेलं होतं. वाटेत अर्धे रस्ते नारिंगी शंकू लावून बंद होते, आणि बस वळसे घेत राहिली. दर वळणाला मकरंद डावा डोळा मिटून बघत होता. समोर बसलेल्या बाईचं नाक गेलं. मग तिचा सगळा चेहरा गेला, नुसते केस राहिले. शेवटच्या स्टॉपला त्याने पुन्हा डावा डोळा मिटला, आणि मग परत मिटून बघितलं नाही.

रिसेप्शनवरची मुलगी पंचविशीची होती, नीटस, हसरी. तिच्या मागे भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘किया ओरा, तुमचं स्वागत आहे’ असं सात भाषांत लिहिलं होतं, त्यात हिंदीही होती. ती स्क्रीनकडे बघत बोलत होती. मकरंदला तिची नुसती कानशिलं दिसत होती.

‘माझ्याकडे बघून बोला, प्लीज,’ तो म्हणाला. या वेळी बोटं गळ्यावर होती. ‘मला ऐकू येत नाही. ओठ दिसले तर कळतं.’

तिने मान वळवली. त्याच्याकडे, त्याच्या गळ्यावरच्या बोटांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग जरा बदलला.

‘ओह,’ ती म्हणाली, आणि एवढं डाव्या डोळ्यालाही कळलं. पुढचं ती भराभर बोलली. ते त्याला कळेना. मग तिने एक चिठ्ठी ओढली आणि गोल, शाळकरी अक्षरात लिहिलं, ‘तुम्ही खरोखरच बहिरे आहात, हे आधी सांगायला हवं होतं.’

मकरंदने चिठ्ठी डोळ्याशी नेऊन वाचली आणि घडी करून तिच्यासमोर परत ठेवली.

तेवढ्यात आतून नर्स आली. ती स्क्रीनकडे बोट दाखवून मोठ्याने काही वाचू लागली. मकरंदला तिचे ओठ वाचता आले नाहीत, पण शेजारी उभ्या असलेल्या वडिलांना ते ऐकू गेलं. नर्सने वाचताना दोनदा त्यांच्याकडे हात केला. पुरुषोत्तम घैसासांना इंग्रजी येत नव्हतं, तरी ‘फादर’ आणि ‘फाइन’ हे दोन शब्द त्यांना येत होते. ते तिच्याकडे बघत राहिले. मग मुलाकडे. हळूहळू त्यांचा हात वर आला आणि त्यांनी तोंडावर धरला, चूळ भरताना धरतात तसा.

डॉक्टरांनी दहा मिनिटांत तपासलं. ते मध्येच उठून, बाहेर जाऊन कोणाशी तरी बोलून आले. परत आल्यावर त्यांनी मोठा कागद घेऊन डोळ्याचं चित्र काढलं. वरून पडदा सुटून खाली लोंबत आला होता. मधोमध एक छोटा ठिपका काढून त्यांनी त्याखाली लिहिलं, ‘वाचायची जागा. तीही सुटली आहे.’

‘कधी?’ मकरंदने विचारलं.

‘सांगता येत नाही. बहुधा आज सकाळी. काल इथे असतात तर...’ त्यांनी लिहितालिहिता वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि त्याखाली नुसती रेघ ओढली.

‘काल सकाळी सव्वादहाला मी फोन केला होता,’ मकरंद म्हणाला. ‘दोनदा.’

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

ऑपरेशन शनिवारी हॉस्पिटलात झालं. पडदा परत बसवला, तो जागीच राहावा म्हणून डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला. रविवारी पट्टी उघडल्यावर तिथल्या तरुण सर्जनने फळ्यावर लिहिलं. पडदा चिकटेल. उजेड कळेल, आकार कळतील, चालता-फिरता येईल. वाचणं या डोळ्याने होईल असं वाटत नाही. मशीनवर परत जाण्याबद्दल नंतर बोलू. आणि आठ दिवस, झोपेतसुद्धा, तोंड जमिनीकडेच ठेवायचं. बुडबुडा वर तरंगतो, तो पडद्यावर दाबून राहिला पाहिजे. मान वर करायची नाही.

मकरंदने ते दोनदा वाचलं. त्याला आणखी एक गोष्ट विचारायची होती. तोंड जमिनीकडे असलेल्या माणसाने लोकांचे ओठ वाचायचे कसे? पण सर्जनने तोपर्यंत फळा पुसला होता.

ब्रेंट त्याला घरी सोडायला आला. पलंगावर, डोकं कडेबाहेर येईल असा कारखान्यातला फोम कापून, कपाळ टेकायला खाच करून, त्याने सगळी व्यवस्था लावून दिली. जाताना तो गुडघ्यावर बसला, खाली वाकला आणि मिशा वर धरून काहीतरी म्हणाला. उजव्या डोळ्यावर ढापण होतं. डाव्या डोळ्याला दाढी आणि बोटं एवढंच दिसलं. मकरंदने अंगठा वर केला.

मग दोन दिवस त्याने फक्त गालिचा पाहिला. करडा, मध्ये चहाचा जुना डाग. खाच जिथे होती तिथून एवढंच दिसायचं. वडिलांची पावलं यायची, थांबायची, जायची. बशीत पोळीचे तुकडे, भाजी, चमचा. खांद्यावर हात ठेवला की जेवायची वेळ. दोनदा ठेवला की औषधाची. विनिताला तिकीट मिळालं होतं, ती बुधवारी पोचणार होती. हे वडिलांनी लिहून खाली धरलेल्या कागदावरून कळलं. म्हणजे बुधवार, एवढा एक शब्द लागला. बाकीचं त्या अक्षरात आणि त्या डोळ्यात कुठेतरी अडकलं.

त्यांच्यावर रागवावं असं त्याला वाटत होतं, आणि रागावता येत नव्हतं. मग तो स्वतःवर रागवायचा. मग त्या मुलीवर. तिच्या गोल अक्षरावर. असं करत करत तो पुन्हा गालिच्यावर यायचा.

मंगळवारी दुपारी पावलं आली आणि पलंगाशी थांबली. खांद्यावर हात पडला नाही. ड्रॉवरच्या कडेला धरलेली बोटं दिसली. मग एक गुडघा गालिच्यावर टेकला. बऱ्याच वेळाने दुसरा. मग एक तळवा. वडील जमिनीवर आडवे होत होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस टप्प्याटप्प्याने खाली आला, उताणा झाला, आणि सरकत सरकत पलंगाच्या कडेशी, मुलाच्या तोंडाच्या बरोबर खाली आला.

पण उलटा. त्यांची हनुवटी मकरंदच्या कपाळाच्या बाजूला होती. ओठ हलले, पण डोक्यावर उभ्या केलेल्या अक्षरांसारखे.

‘उलटे आहात, बाबा,’ मकरंद म्हणाला. ‘कळत नाही.’

वडील थांबले. विचार केला. मग कुशीवर वळले, कोपरावर रेलले, आणि तसेच जमिनीवर घड्याळाच्या काट्यासारखे फिरू लागले. मध्ये दम खायला थांबले. पाय खुर्चीला अडले, ती त्यांनी लाथेने सरकवली. पूर्ण वळून झाल्यावर ते पुन्हा सरकत आत आले आणि त्यांचा चेहरा खाचेखाली आला. सुलटा. वीतभर अंतरावर. एवढ्या जवळून अधू डोळ्यालाही सगळं दिसत होतं. दाढीचे दोन दिवसांचे पांढरे खुंट, कपाळावरचा घाम.

‘आता?’ ओठ म्हणाले.

‘आता कळतंय.’

‘मक्या,’ वडील म्हणाले. मग बराच वेळ ओठ नुसते थरथरत राहिले. डोळ्यांच्या कडेतून पाणी कानांकडे ओघळत होतं. ते त्यांनी पुसलं नाही. पुसलं असतं तर तोंड झाकलं गेलं असतं.

मकरंदला डोळा मिटता आला असता. मिटला की कोणी काही बोलू शकत नाही, ही बहिऱ्या माणसाची एक सोय असते. विनिताशी भांडताना त्याने ती दोनचारदा वापरली होती. त्याने डोळा उघडा ठेवला.

‘बाबा, जमीन गार आहे,’ तो म्हणाला. ‘पाठीखाली काहीतरी घ्या.’

वडिलांनी मान हलवली. नको. मग त्यांनी दोन्ही हात पोटावर जुळवले आणि बोलायला लागले. सावकाश, दात सांभाळत, एकेक शब्द सुटा करून. सकाळी ते एकटेच कोपऱ्यावरच्या डेअरीत गेले होते. दूध संपलं होतं. दुकानदार गुजराथी निघाला, हिंदीत बोलला. पोळ्यांची कणीक पातळ झाली होती, म्हणून आज धिरडी केली होती. मिरजेहून नीलांबरीचा, मकरंदच्या आतेबहिणीचा, फोन आला होता. तिला सगळं सांगितलं. रडली. शेजारच्या घराचं भूकंपात पडलेलं कुंपण नवीन घालतायत, पिवळं लाकूड आहे, बरं दिसेल.

कुठेतरी मध्येच मकरंदच्या लक्षात आलं की वडिलांचा गळा हलत नाहीये. ते आवाज काढतच नव्हते. घरात ऐकणारं कोणी नव्हतं, आणि जो होता त्याला आवाज लागत नव्हता. नुसते ओठ चालले होते.

‘पुढे?’ मकरंद म्हणाला.

वडील जरा सरकले, मान सरळ केली, आणि पुढचं सांगू लागले.